पडद्यावरची तारामती, कॅमेऱ्यामागचे अण्णा

भारतीय चित्रपटाची पहिली नायिका कोण, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हमखास विचारला जातो आणि ती नायिका पुरुष होती, हे उत्तर ऐकून ऐकणारा हसतो. अण्णा साळुंके हे नाव बहुतेकांच्या लक्षात राहिले आहे ते एवढ्यापुरतेच. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांनी राणी तारामतीची भूमिका केली. मात्र उपलब्ध नोंदींचा हिशेब मांडला तर निराळेच चित्र दिसते. १९१३ ते १९३१ या सुमारे अठरा वर्षांच्या कारकिर्दीत साळुंके यांनी भूमिका केलेले चित्रपट अवघे पाच, तर त्यांनी कॅमेऱ्यामागे उभे राहून चित्रित केलेले चित्रपट ३२. म्हणजे व्यवसायाने ते मुख्यतः छायालेखक होते. नटी म्हणून त्यांची आठवण उरली आणि छायालेखक म्हणून ते विस्मृतीत गेले, याचे कारण मूकपटांच्या काळात जेवढे आहे तेवढेच त्या काळानंतर आपण फिल्मची जी हेळसांड केली तिच्यातही आहे.

साळुंके यांचा चित्रपटसृष्टीतील प्रवेश हा योगायोगाचा भाग होता. धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला जाऊन, चित्रपट तयार करण्याची प्रक्रिया सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाहून, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून त्याच वर्षी एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले. दादरच्या बंगल्यात त्यांनी संसार आणि कारखाना एकत्रच थाटला. भांडवल जमवण्यासाठी कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसेंदिवस चित्रित करून दाखवली. कॅमेरा चालवण्यासाठी त्र्यंबक तेलंग या आपल्या मित्राला त्यांनी स्वतः शिकवून तयार केले. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे शिकल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, विश्वामित्रासाठी गजानन वासुदेव साने मिळाले आणि रोहिताश्वासाठी तर घरचाच मुलगा भालचंद्र होता. अडले ते तारामतीपाशी.

स्त्रिया नाटकात काम करीत नसत. सिनेमा तर नाटकाहूनही खालचा धंदा समजला जाई. फाळक्यांनी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. कलावंतिणींच्या वस्तीतही ते गेले. तेथेही नकार मिळाला, किंवा होकार मिळून दोन दिवसांत तो फिरला. अखेरीस ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात चहा घेत असताना तेथे काम करणाऱ्या एका सडपातळ बांध्याच्या तरुणाच्या हातांकडे त्यांचे लक्ष गेले, असे फाळके-चरित्रांतून सांगितले जाते. कोणी त्याला आचारी म्हणतात, कोणी चहा देणारा पोऱ्या. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि व्यवहार ठरला. तो तरुण म्हणजे अण्णा साळुंके.

हातांचा हा उल्लेख दुर्लक्षिण्याजोगा नाही. मराठी रंगभूमीवर त्या काळी स्त्री-पार्टी नटांची परंपरा वैभवाच्या शिखरावर होती. 'राजा हरिश्चंद्र' झळकला त्याच वर्षी बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पण रंगभूमीवरील स्त्री-पार्टी नटाचे निम्मे भांडवल त्याच्या गळ्यात असे, आणि मूकपटात गळ्याला काहीच किंमत नव्हती. तेथे उरत होते ते चेहरा, चाल आणि हात. नाटकात न गायलेला, कोणत्याही मंडळीत तालीम न घेतलेला हॉटेलातला एक पोरगा फाळक्यांना चालला, याचे इंगित येथे आहे. शिवाय नावाजलेला नट पंधरा रुपयांत आलाही नसता!

त्या तालमींच्या अनेक कथा प्रचलित आहेत. स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या नटांनी घरातही लुगडे नेसून वावरावे, तांदूळ निवडावेत, पीठ मळावे, जेणेकरून बसण्या-उठण्यातला पुरुषीपणा जाईल, असा फाळक्यांचा दंडक होता. मिशी वडील वारल्यावरच उतरवायची, या रिवाजामुळे काही नट मिशी काढायला तयार होईनात, तेव्हा त्यांची समजूत घालावी लागली. सिनेमात काम करतो असे सांगितले तर लोक नावे ठेवतात म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असे सांगा, असा सल्ला फाळक्यांनीच दिला होता. वांगणी येथे बाह्यचित्रणासाठी गेलेल्या या मंडळींच्या तलवारी-भाले पाहून दरोडेखोर आल्याची आवई उठली आणि गावच्या पोलीस पाटलासमोर फाळक्यांना अभिनयाचे प्रात्यक्षिक करून दाखवून सुटका करून घ्यावी लागली.

सहा महिने आणि २७ दिवस चाललेल्या या कामातून सुमारे ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी तो दाखवण्यात आला. त्यातल्या एका दृश्यात राजा हरिश्चंद्र घाईघाईने अंतःपुरात येतो तेव्हा राणी सख्यांसह हौदात जलक्रीडा करीत असते. ओलेत्या वस्त्रांतल्या त्या सगळ्या सख्या पुरुष आहेत, हे आज एका दृष्टिक्षेपात कळते. त्या वेळच्या प्रेक्षकालाही ते कळत असणारच. नाटक पाहून तयार झालेली त्याची नजर ते सहज मान्य करीत होती, इतकेच.

त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि दुसऱ्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला (पुढे कमलाबाई गोखले) या मायलेकींनी काम केले. पडद्यावर स्त्री आली. पुरुष-नायिकेची गरज तेव्हाच संपायला हवी होती. पण तसे घडले नाही. एका स्त्रीने पाऊल टाकल्याने वाट रुळत नाही. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला तेव्हा सीता पुन्हा साळुंकेच होते. आणि या वेळी रामही तेच होते.

भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. एका माणसाने दोन पात्रे करणे हे ऐकायला चमत्कारिक वाटते, परंतु 'लंकादहन'च्या कथाभागात राम आणि सीता यांची ताटातूट झालेली असते. दोघांना एका चौकटीत आणण्याची गरज बरीच कमी होती. त्यामुळे हा पराक्रम कॅमेऱ्याच्या करामतीपेक्षा वेशभूषेचा आणि नटाच्या अंगच्या लवचिकपणाचा अधिक मानावा लागेल. सीतेच्या वेषातील साळुंके यांचे पीळदार दंड प्रेक्षकांना दिसत, असेही सांगितले जाते. चार वर्षांत हॉटेलातला सडपातळ पोरगा बांध्याने भरला असावा. पण प्रेक्षकांनी त्याकडे काणाडोळा केला. मुंबईत चित्रपटाने विलक्षण गर्दी खेचली. पडद्यावर राम दिसताच लोक पायातले जोडे काढून ठेवीत. गल्ल्यावर जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, ही आख्यायिकाही याच चित्रपटाची. त्याच वर्षी 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली आणि तारामती पुन्हा साळुंके यांनीच उभी केली.

येथपर्यंतची हकिगत थोडीफार सर्वांना ठाऊक असते. यापुढचे साळुंके मात्र अपरिचित आहेत.

१ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी अस्तित्वात आली. घरगुती कारखान्याची रीतसर कंपनी झाली. भागीदारांशी न पटल्याने फाळके १९१९ मध्ये तेथून बाहेर पडले, काशीला जाऊन राहिले आणि 'रंगभूमी' हे नाटक लिहून बसले. १९२२ मध्ये ते परतले. कंपनीचे चित्रपट मात्र या काळातही निघत राहिले आणि ते काढायला माणसे लागत होती. १९२२ च्या 'सत्यनारायण' आणि १९२३ च्या 'बुद्धदेव' या चित्रपटांच्या श्रेयनामांत साळुंके यांचे नाव नट आणि छायालेखक अशा दोन्ही ठिकाणी येते. त्यानंतर नट साळुंके दिसत नाहीत. छायालेखक साळुंके १९३१ पर्यंत सातत्याने दिसतात. त्यांचे बहुतेक चित्रपट फाळके यांनी किंवा व्ही. एस. निरंतर यांनी दिग्दर्शित केलेले होते.

पडद्यावरची राणी कॅमेऱ्यामागे का गेली असावी? एक कारण बाजारात दिसते. १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री' काढला आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई-कलकत्त्याच्या पडद्यांवर नट्या झळकू लागल्या. पुरुषाने लुगडे नेसून नायिका होण्याचे दिवस सिनेमापुरते तरी भरत आले होते. रंगभूमीवर मात्र ते पुढे बराच काळ चालले. रंगभूमीवरचा प्रेक्षक दूर बसलेला असतो. कॅमेरा जवळ येतो आणि चित्र पडद्यावर माणसाच्या कितीतरी पट मोठे होते. त्या मोठेपणात गालावरची निळसर झाक आणि दंडाचा पीळ लपत नाही. दुसरे कारण कारखान्याच्या रचनेत होते. फाळक्यांच्या पदरी असलेल्या मंडळींत 'माझे काम एवढेच' ही भाषा नव्हती. दिवसा राजा झालेला नट संध्याकाळी पडदे रंगवी, रात्री फिल्म धुवायला मदत करी. ज्याला वर्षानुवर्षे कॅमेऱ्यासमोर उभे राहून 'येथे थांब, तिकडे पाहू नकोस, ऊन गेले, पुन्हा कर' हे ऐकावे लागले, त्याला कॅमेरा काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही याचे शिक्षण आपोआप मिळत असते. साळुंके यांचे चित्रपट-विद्यापीठ हेच.

त्या काळच्या छायालेखकाचे काम म्हणजे नेमके काय, याची कल्पना आज सहजी येत नाही. कॅमेरा म्हणजे तिवईवर ठेवलेली लाकडी पेटी. तिच्या बाजूला हातदांडा. दांड्याच्या एका फेऱ्यात फिल्मच्या आठ चौकटी सरकत, म्हणून सेकंदाला दोन फेरे या गतीने दांडा फिरवला की सेकंदाला १६ चौकटी, म्हणजे फिल्मचा बरोबर एक फूट, खर्ची पडे. या हिशेबाने 'राजा हरिश्चंद्र'चे ३,७०० फूट पाहायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. आज हा चित्रपट ४० मिनिटांचा होता असे लिहिले जाते, कारण सेकंदाला २४ चौकटी या बोलपटाच्या गतीने मोजले तर तेवढेच भरतात. जुने मूकपट पाहताना माणसे तुरुतुरु धावताना दिसतात, त्याचे कारणही पुष्कळदा हेच असते. दोष त्या नटांचा नाही आणि दांडा फिरवणाऱ्याचाही नाही.

ही गती छायालेखकाच्या मनगटात असावी लागे. समोर युद्ध चालले असो की राणी विलाप करीत असो, हात एकाच लयीत फिरला पाहिजे. तो उत्तेजित होऊन वेगाने फिरला तर पडद्यावर युद्ध संथ होई. हात थकून मंदावला तर राणीचा विलाप हास्यास्पद होई. नटाने भावनेत शिरायचे आणि छायालेखकाने त्या भावनेपासून अलिप्त राहायचे, असा हा उलटा न्याय. ज्याने अगोदर तारामतीचा विलाप स्वतः केलेला आहे, त्याला ही अलिप्तता साधणे सोपे गेले असेल की अवघड?

पौराणिक चित्रपटांत तर कसोटी अधिकच. देव प्रकट होणे, राक्षस अदृश्य होणे, शरीरातून ज्योत निघणे, हे सर्व प्रकार कॅमेऱ्यातच करावे लागत. देवाला प्रकट करायचे तर दांडा थांबवायचा, सर्व नटांनी जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहायचे, मधल्या मोकळ्या जागेत देवाच्या वेषातला नट आणून उभा करायचा आणि दांडा पुन्हा सुरू करायचा. एका दृश्यातून दुसरे दृश्य उमलवायचे तर पहिल्याच्या शेवटी भिंगाचे तोंड हळूहळू मिटत न्यायचे, किती फेरे झाले ते मोजायचे, अंधारात फिल्म नेमके तेवढेच फेरे मागे घ्यायची आणि दुसरे दृश्य तोंड हळूहळू उघडत त्याच फिल्मवर घ्यायचे. मोजण्यात चूक झाली तर नवे दृश्य तर बिघडेच, शिवाय आधी उत्तम वठलेले जुनेही वाया जाई. कच्ची फिल्म परदेशातून येत असे आणि पहिल्या महायुद्धात तिची टंचाई साऱ्यांनी अनुभवली होती. प्रत्येक फुटाला किंमत होती. मायाजाल म्हणून प्रेक्षक ज्याला दाद देत, ते बऱ्याच अंशी कोणा एकाच्या डोक्यातले आकडे असत.

प्रकाशाची गोष्ट आणखी निराळी. विजेचे दिवे लावून चित्रण करण्याची चैन नाशिकला नव्हती. उघड्यावर नेपथ्य उभारायचे, वरून पांढरे कापड ताणून उन्हाची धार कमी करायची, चेहऱ्यावर सावली पडली तर पांढऱ्या फळ्यांनी उजेड परतवायचा. प्रकाशमापक यंत्र नव्हते. भिंगाचे तोंड किती उघडे ठेवायचे, हे आकाशाकडे पाहून ठरे. आचाऱ्याच्या हाताला मिठाचा अंदाज असतो तसा हा डोळ्यांचा अंदाज होता, असे साळुंके यांच्या पूर्वायुष्याकडे पाहून म्हणण्याचा मोह होतो. त्या वेळच्या फिल्मला रंगांची जाणही अर्धीच होती. निळा रंग तिला पांढरा दिसे, तांबडा काळा दिसे. निरभ्र आकाश पडद्यावर कोरे करकरीत येई. कपाळावरचे कुंकू काळे पडे, ओठ काळवंडत, सावळा चेहरा आणखी गडद होई. म्हणून नटांच्या चेहऱ्यांवर फिकट रंगाचे थर चढवले जात. ते थर ज्याने वर्षे-वर्षे स्वतःच्या तोंडावर सोसले, तोच पुढे भिंगातून दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. एक सोय मात्र होती. ही फिल्म तांबड्या प्रकाशाला दाद देत नसल्याने धुलाईच्या खोलीत तांबडा दिवा लावता येई आणि प्रतिमा उमटताना डोळ्यांनी पाहता येई. दुपारी केलेली चूक रात्री तिथल्या तिथे उघडकीस येत असे.

याच सुमारास कोल्हापुरातही हातकसबी माणसेच छायालेखक होत होती. बाबूराव पेंटर यांनी चित्रणाचा कॅमेरा स्वतः घडवला. शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे त्यांच्या तालमीत तयार झाले. फरक एवढाच की कोल्हापूरच्या मंडळींना पुढे 'प्रभात' मिळाली, बोलपट मिळाला आणि त्यांचे काम जपले गेले. नाशिकच्या मंडळींना ते भाग्य लाभले नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' प्रदर्शित झाला. बोलपटासाठी कॅमेऱ्याला मोटर जोडली गेली, कारण ध्वनी मनगटाच्या लयीवर चालत नाही. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला कोंडून ठेवणे आले, दिव्यांखालचे बंदिस्त चित्रण आले. वीस वर्षांत कमावलेला हातदांड्याचा हुन्नर दोन वर्षांत निरुपयोगी झाला. हिंदुस्थान कंपनीने १९३२ साली 'सेतुबंधन' हा फाळक्यांचा मूकपट काढला. बोलपटाच्या लाटेत तगण्यासाठी त्यावर मागाहून ध्वनी चढवावा लागला. पुढे कंपनीच उरली नाही. साळुंके यांची कारकीर्द त्यापूर्वीच, १९३१ साली, थांबली होती.

१९३२ मध्येच 'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' आला. कथा तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरातली स्त्री. कॅमेऱ्यामागे होते केशवराव धायबर. ग्रँट रोडच्या हॉटेलातून आलेल्या तारामतीपासून या तारामतीपर्यंतचे अंतर १९ वर्षांचे. इतक्या थोड्या काळात एखाद्या धंद्याची सामाजिक पत एवढी बदलल्याची उदाहरणे फार नसावीत.

मग साळुंके यांनी चित्रित केलेले ३२ चित्रपट गेले कुठे? मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट तयार झाले असे मानले जाते. त्यांपैकी आज शिल्लक आहेत ते जेमतेम तीसच्या घरात आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांच्या स्वरूपात. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी दमट हवेत चिकट होऊन भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही. रिळे गोदामांत पडून राहिली, भंगारात गेली. फिल्मवरील चांदीसाठी ती वितळवली गेली. ती सांभाळून ठेवावीत असे कोणालाच वाटले नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'नंतर तब्बल ५१ वर्षांनी. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांशी संपर्क साधून मिळतील ती रिळे मिळवली, म्हणून १९१९ च्या 'कालिया मर्दन'चा बराच मोठा भाग आज पाहता येतो. 'लंकादहन'चा काही मिनिटांचा तुकडा उरला आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे आहेत. पण ती १९१३ ची नसून १९१७ च्या नव्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. नायिका दोन्हींत एकच असल्याने साळुंके यांच्यापुरता या वादाने फरक पडत नाही! ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्म साठवलेल्या गोदामाला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची मूळ रिळे नष्ट झाली. ज्यांच्या सुरक्षित प्रती अगोदर काढल्या गेल्या होत्या, ते तेवढे वाचले.

हिंदुस्थान कंपनीच्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतील चित्रपटांची रिळे मात्र जवळजवळ सर्वच गेली आणि साळुंके यांचे छायालेखन नेमके त्याच वर्षांतले. लेखकाचे पुस्तक हरवले तरी त्यावर कोणी लिहिलेले उरते. गायकाचा गळा गेला तरी शिष्यांच्या गळ्यात तो थोडाफार राहतो. छायालेखकाचे सर्वस्व फिल्मवर असते. ती गेली की 'छायालेखन : अण्णा साळुंके' ही ओळ तेवढी सूचीत उरते आणि त्या ओळीवरून त्यांनी ऊन कसे पकडले, जवळचे दृश्य कसे घेतले, देव कसे प्रकट केले, यांतले काहीच सांगता येत नाही. त्यांच्याबरोबरीने आणि त्यांच्याआधी दांडा फिरवणारे त्र्यंबक तेलंग त्या मानाने सुदैवी म्हणायचे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चर्चेत निदान त्यांचे नाव छायालेखक म्हणून घेतले जाते.

२००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीची ही सारी धमाल पुन्हा लोकांसमोर आणली. लुगडी नेसून वावरणारे नट, मिशीवरून झालेले रुसवेफुगवे हे प्रेक्षकांनी मनमुराद हसत पाहिले. भारतातर्फे ऑस्करसाठीही तो चित्रपट पाठवण्यात आला. त्याची कथा १९१३ च्या यशाशी आणि फाळक्यांच्या त्यानंतरच्या विलायतवारीशी संपते, त्यामुळे साळुंके तेथेही लुगड्यातच राहिले.

उरलेल्या रिळांत तारामती आजही दिसते. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे, राणी शेजारी उभी राहून कौतुकाने पाहत आहे, मागे नगरजन दाटीवाटीने उभे आहेत. चौकटीत फारशी हालचाल नाही. समोरच्या पेटीचा दांडा तेलंग फिरवीत असतील आणि पदर सावरून उभ्या असलेल्या राणीची नजर मुलाकडे आहे.